अकरा नंबरचा बोल्ट

मास्तर वारले ते नेमके किती वाजता, हे आजतागायत कुणालाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. कारण गेले तेव्हा ते इंजिन ऐकत बसले होते, आणि इंजिन ऐकताना मास्तर जिवंतपणीही मेल्यासारखेच बसत. तेलाचं पिंप अर्ध्यात कापून केलेलं त्यांचं स्टूल, हातभर लांब पेचकस, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला, लाकडी मूठ उजव्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटलेले. असे ते कधी दहा मिनिटं बसत, कधी तासभर. मध्येच कुणी खांदा हलवला तर त्याच पेचकसाचा प्रसाद मिळे. त्यामुळे त्या मंगळवारी त्यांना कुणी हलवलं नाही. अकराला चालू केलेलं इंजिन एकच्या सुमारास टाकीतलं डिझेल संपल्यावर आपणहून बंद पडलं, धडधड थांबली, आणि मग मास्तरांची मान खाली आली.

"इंजिनानंच धरून ठेवलं होतं त्यांना," रेडिओ येईल त्याला सांगायचा. "आणखी दोन डबे डिझेल ओतलं असतं, तर संध्याकाळपर्यंत टिकले असते."

रेडिओ म्हणजे वर्कशॉपमधला दुसरा मेकॅनिक. हात चांगला, पण तोंडाला बटण नाही म्हणून हे नाव. त्याचं बोलणं पदराला गाठ मारून ठेवावं असं नसे, पण हे एक वाक्य टाकेबाईंच्या मनात घर करून बसलं. कारण ते इंजिन त्यांचं होतं.

म्हणजे मालकीचं नव्हे. मालकीचं ते पाणीपुरवठ्याच्या पंपघराचं. पण त्याचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाडजूड झाकण, त्या सकाळी टाकेबाईंनी बसवलं होतं, अठराच्या अठरा बोल्ट स्वतः आवळले होते. आणि मास्तर त्या कामावर काहीच न बोलता गेले होते.

टाकेबाईंचं वय तेव्हा त्रेचाळीस. ह्या वयात कुणी डिझेल मेकॅनिकची उमेदवारी करतं का? नाही करत. पण त्यांची भरतीही उमेदवारासारखी झालेली नव्हती. सोळा वर्षं त्या गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीन चालवत होत्या. कारखाना बंद पडला, तशा घरी ट्रकच्या सीटची कव्हरं शिवून द्यायला लागल्या. एकदा कव्हरांचा गठ्ठा घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या, तेव्हा एक ट्रक फुरफुरत उभा होता आणि त्याच्याभोवती तीन बाप्ये डोकं खाजवत होते. बाई गठ्ठा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तिसरा टाका सुटतोय ह्याचा."

"काय म्हणालात?" मास्तरांनी उजवा कान पुढे केला. डावा कान तीस वर्षांपूर्वीच इंजिनांना वाहिलेला होता. वर्कशॉपच्या मालकीणबाई नावडत्या गोष्टी त्याच बाजूला उभं राहून सांगत.

"एक, दोन, मग एक गाळलेला, मग चार. मशीनचा टाका सुटला की असंच वाजतं."

तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारी नळी, निकामी निघाला. मास्तरांनी कव्हरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोमवारपासून या," म्हणाले. "केस बांधून या. आणि चपला नकोत." उमेदवारीच्या वयाची मर्यादा चाळिसाव्या वाढदिवसाला संपत होती. बाईंचा वाढदिवस होता गुरुवारी. मालकीणबाईंनी बुधवारी अर्ज नेऊन दिला.

घरी लेक हसून हसून लोळली. "आई, म्हणजे तुझी परीक्षा आणि माझी परीक्षा एकाच वर्षी? नापास झालीस तर मी सही करणार नाही हं प्रगतिपुस्तकावर."

सही. सगळं त्या सहीवरच येऊन ठेपलं होतं. उमेदवारीच्या वहीत शहाण्णव कामं छापलेली असत, आणि प्रत्येकासमोर शिकवणाऱ्याची सही लागे. पंचाण्णव सह्या मास्तरांच्या होत्या, डिझेलच्या बोटांनी केलेल्या, काळपट. शहाण्णवावं काम: हेड बसवणे, आवळणे, इंजिन चालवून दाखवणे. तिथली चौकट कोरी. आणि ती कोरी राहिली तर नियम सरळ होता: वही रद्द, नवा अर्ज, पहिल्यापासून तीन वर्षं. नवा अर्ज करायला बाईंचं वय आता कुठून आणायचं?

मालकीणबाईंनी पत्रं लिहिली, फोन केले, एका बड्या माणसाच्या डाव्या कानाशीही बोलून पाहिलं. शेवटी उमेदवारीच्या कचेरीतून उत्तर आलं: बाहेरचा परीक्षक येईल. काम तेच, इंजिन तेच. हेड उतरवून नवं गॅस्केट, म्हणजे हेडखालचा पातळ पत्रा, घालून पुन्हा बसवायचं, दोन तासांत. तारीख, पुढचा शुक्रवार.

"तेच इंजिन?" टाकेबाईंनी विचारलं.

"दुसरं कुठलं मोकळं आहे?" मालकीणबाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावलाय का? पंपघरवाले रोज विचारतात. मी तरी काय सांगू, इंजिन सुतकात आहे म्हणून?"

आता त्या वर्कशॉपची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हेडचे बोल्ट आवळायचा एक खास पाना असतो. हव्या तेवढ्या जोरावर तो लावून ठेवायचा. तेवढा जोर बोल्टला मिळाला की पाना हातात 'टक्' करतो. बहुतेक ठिकाणी टक् झालं की पुढचा बोल्ट. मास्तरांच्या हाताखाली तसं चालत नसे. आवळणाऱ्यानं टक् झाल्यावर बोल्टचा नंबर मोठ्यानं म्हणायचा, आणि समोर बसलेल्यानं म्हणायचं, "ऐकलं." तो 'ऐकलं' म्हणेपर्यंत पाना उचलायचा नाही. अठरा बोल्ट, तीन फेऱ्या, चोपन्न वेळा.

"पाना खोटं बोलतो," मास्तर सांगायचे. "त्याला फक्त जोर कळतो. बोल्ट बसला की नुसता अडकला, ते त्याला काय ठाऊक? टक् आणि टक् ह्यात फरक असतो. म्हणून दोन माणसांचे कान लागतात."

आणि मास्तरांच्या कानाचं काय सांगावं! चौकातून येणारी बस दिसायच्या आधी ते सांगत, नोझल गळतंय आणि ड्रायव्हरला सर्दी झालीय. एकदा म्हणे परगावच्या एकानं फोनवर इंजिन ऐकवलं, तर मास्तर म्हणाले, "आधी त्या पट्ट्याजवळचं मांजर हाकल." मांजर होतं. रंगही सांगितला होता असं रेडिओ म्हणतो, पण रंगाचं सोडून द्या.

शनिवारपासून टाकेबाई सरावाला बसल्या. कोपऱ्यात शिकवणीचं एक मोडीत निघालेलं इंजिन होतं, त्याचं हेड उमेदवार वर्षानुवर्षं काढत-घालत आले होते. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले की वर्कशॉप सुनं व्हायचं. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा जमिनीवरच्या तेलात पडायच्या. भिंतीवर खिळ्याला मास्तरांचा कोट तसाच होता, कोपरं फुगलेला, जणू आत अजून हात आहेत. समोर पिंपाचं स्टूल. त्याच्यावर कुणी बसत नसे, आणि ते हलवायचं धाडसही कुणी केलं नव्हतं.

बाईंनी पहिला बोल्ट आवळला. टक्.

"एक," त्या सवयीनं म्हणाल्या.

"ऐकलं."

आवाज मोठा नव्हता. घसा साफ न करता बोलणाऱ्या माणसाचा. स्टुलाच्या बाजूनं आला.

बाई पाना हातात धरून तशाच थिजल्या. मग त्यांना राग आला. त्या उठल्या, ट्रकमागे पाहिलं, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात वाकून पाहिलं. रेडिओ सापडला असता तर त्याच्या डोक्यात पाना बसला असता. रेडिओ बाहेर रस्त्यापलीकडे डबा उघडून कुणाला तरी मास्तर कसे गेले ते सांगत होता; तिथून ऐकू येत होतं.

बाई परत येऊन बसल्या. दुसरा बोल्ट. टक्. ह्या वेळी नंबर म्हणायचा की नाही, ह्यावर त्या बराच वेळ घुटमळल्या. पण तीन वर्षांची सवय जिभेवरून जात नाही.

"दोन."

"ऐकलं."

लेकीला त्यांनी सांगितलं नाही. रेडिओला सांगितलं असतं तर पंचक्रोशीत झालं असतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज दुपारी चोपन्न वेळा. भीती वाटायची ती वाटायचीच. पण खरं सांगायचं तर बाईंना त्या आवाजाहून एका गोष्टीची भीती जास्त होती. त्या दिवशी मास्तरांनी चोपन्न वेळा 'ऐकलं' म्हटलं होतं का? त्या मनातल्या मनात सकाळ पुन्हा पुन्हा उसवत होत्या. शेवटच्या फेरीत अकरा नंबरला मास्तर थांबले होते. भुवई चढवली होती. बाई वाट पाहत राहिल्या होत्या. मग मास्तर म्हणाले होते, "पुढे चल. चालू करून बघू. मग सांगतो तुला एक गंमत." आणि चालू करून पेचकस कानाला लावला होता.

ती गंमत राहून गेली होती. की त्या गमतीनंच त्यांना नेलं?

बुधवारी बाईंनी धीर करून रिकाम्या स्टुलाला विचारलं, "मास्तर, माझं काय चुकलं होतं?"

नंबर म्हटल्याशिवाय तो आवाज एक शब्द बोलत नव्हता. जिवंतपणीही कामाच्या वेळी मास्तर असेच होते.

शुक्रवारी साडेनऊला परीक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल, खिशाला चार पेनं. कधीकाळी हातानं काम केलेला माणूस होता; ते अंगठ्याच्या तुटक्या नखावरून कळत होतं. त्यांनी बसायला जागा शोधली आणि सरळ पिंपाच्या स्टुलावर जाऊन बसले.

"अहो साहेब, तिथे..." रेडिओ पुढे झाला.

"काय? ओलं आहे?"

"ओलं नाही. तिथे आमचे मास्तर बसतात."

"कुठे आहेत ते?"

रेडिओच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदा बटण सापडलं. मालकीणबाईंनी त्याला दंडाला धरून ऑफिसात नेलं.

बाईंनी हेड उतरवलं. जुनं गॅस्केट खरवडून काढलं, दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे केले. बोल्टची अठरा भोकं तारेला चिंधी गुंडाळून पुसली, हवा मारली, प्रत्येकात टॉर्च टाकून पाहिलं. सगळी कोरडी ठणठणीत. नवं गॅस्केट, त्यावर हेड. बोल्टच्या आट्यांना तेलाचं नुसतं बोट, मास्तर सांगायचे तसं; "कुंकू लावायचं, आंघोळ घालायची नाही." पहिली फेरी.

"एक," बाई म्हणाल्या.

"नंबर म्हणायची गरज नाही," परीक्षक म्हणाले. "मला दिसतंय."

"सवय आहे, साहेब."

आणि ते बसले होते तिथूनच, पण त्यांच्या तोंडातून नव्हे, बाईंना ऐकू आलं: ऐकलं. परीक्षक फाईलमध्ये काहीतरी लिहीत होते. त्यांना काही कळल्याचं दिसलं नाही. त्यांनी फक्त कान खाजवला, उजवा.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. पाना शेवटच्या जोरावर लावून बाईंनी तिसरी सुरू केली तेव्हा घड्याळात बारा मिनिटं उरली होती. हात भरून आले होते, पण मन स्थिर होतं. आठ, ऐकलं. नऊ, ऐकलं. दहा, ऐकलं.

टक्.

"अकरा."

काही नाही.

बाईंनी वाट पाहिली. पत्रा उन्हानं तडतडला. कोट खिळ्यावर स्तब्ध होता.

"अकरा," त्या पुन्हा म्हणाल्या, थोडं मोठ्यानं.

परीक्षकांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही."

"टक् झालं की. स्पष्ट झालं. मी ऐकलं."

घ्या! समोर बसलेल्या जित्याजागत्या माणसानं म्हटलं होतं, ऐकलं. रीतीप्रमाणे तेवढं पुरे होतं. सही करणारा हातही त्याचाच. सात बोल्ट राहिले होते आणि नऊ मिनिटं. बाईंनी फक्त पाना उचलायचा होता.

त्यांनी पाना उचलला, आणि अकरा नंबरवर उलटा फिरवला.

"बाई, काय करताय?" परीक्षक उभेच राहिले. "बसलेला बोल्ट का काढताय? वेळ बघा."

"बसला नाही, साहेब. अडकलाय."

"कशावरून?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? "टाका गाळलाय," एवढंच बाई म्हणाल्या.

बोल्ट बाहेर आला तो निथळतच. तारेला चिंधी लावून भोकात घातली, तर ती काळ्या तेलानं चिंब होऊन वर आली. तासाभरापूर्वी हेच भोक कोरडं होतं, बाईंनी स्वतः टॉर्चनं पाहिलं होतं. तेल आलं कुठून? त्यांनी हेडवर हात फिरवला आणि बोटं थांबली. त्या इंजिनात तेल वर नेणारी वाट नेमकी अकरा नंबरला खेटून होती. हेड बसवलं की त्या वाटेत अडून राहिलेलं तेल हळूहळू भोकात उतरायचं. भोकाला तळाशी वाट नाही. तेल दबत नाही. बोल्ट त्याच्यावर टेकतो आणि पाना बापडा टक् म्हणून मोकळा होतो. कितीही पुसून हेड बसवा, ह्या इंजिनाचं अकरा नंबर पुन्हा भरणारच. ते हेड बसवल्यानंतर पुसायचं असतं.

ही होती ती गंमत.

बाईंचे डोळे भरले, पण पुसायला हात स्वच्छ नव्हते. त्यांनी भोक तीनदा पुसलं, चौथ्यांदा चिंधी कोरडी आली. बोल्ट घातला. पहिला जोर, दुसरा जोर.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. त्यांनी परत स्टुलावर बसून पेनाला टोपण लावलं. "थांबवा, बाई. मला वाईट वाटतं, पण दोन तास म्हणजे दोन तास."

बाई थांबल्या नाहीत. अर्धवट हेड सोडून उठणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटचा जोर. टक्. हा टक् वेगळा होता; खोल, भरीव, जाड कापडात सुई पार गेल्यासारखा.

"अकरा."

"ऐकलं."

परीक्षकांच्या हातातलं पेन खाली पडलं आणि घरंगळत खड्ड्यात गेलं. ते उठायला गेले, अर्ध्यावर थांबले, पुन्हा बसले. मागे पाहिलं. मागे भिंत होती, आणि कोट.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"बारा," बाई म्हणाल्या.

बारा ते अठरा परीक्षक हातावर हात ठेवून बसून राहिले, आणि प्रत्येक नंबरनंतर त्यांचा रंग एकेक छटा उतरत गेला. घड्याळात दोन तास नऊ मिनिटं झाली होती.

नियमानं त्यांनी तेव्हाच फाईल मिटून जायला हवं होतं. मालकीणबाईंनी चहा पाठवला, तो निवला. ते गेले नाहीत. बाईंनी आणि रेडिओनं मिळून बाकीची जोडणी केली, तेलपाणी भरलं. तीन वाजता इंजिन चालू झालं. चार सिलिंडर, चार टाके, एकही गाळलेला नाही.

परीक्षक पुढे आले. त्यांनी मास्तरांच्या कोटाच्या खिशात खोवलेला तो लांब पेचकस काढला. टोक इंजिनाला लावलं, मूठ कानामागे, डोळे मिटले आणि पिंपाच्या स्टुलावर बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. रेडिओनं बाईंचा हात घट्ट धरला.

"हलवू का?" तो कुजबुजला.

"नको."

"अहो, गेले-बिले असतील तर! डिझेल किती घातलंयत तुम्ही?"

"शू!"

वीस मिनिटांनी परीक्षकांनी डोळे उघडले. चेहरा राखेसारखा झाला होता. इंजिन त्यांनी स्वतःच बंद केलं, आणि शांतता झाल्यावर म्हणाले, "आत कुणीतरी मोजतंय."

"कुठपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"अठरा. मग पुन्हा एकपासून."

त्यांनी वही मागवली. खिशातलं दुसरं पेन काढून शहाण्णवाव्या चौकटीत सही केली, शेऱ्यात लिहिलं: 'वेळ दोन तास नऊ मिनिटं. ह्या इंजिनाला नऊ मिनिटं जास्तच द्यावी लागतात.' खड्ड्यात पडलेलं पेन घ्यायला ते थांबले नाहीत. पुढे त्यांनी परीक्षक म्हणून बाहेर जाणं सोडलं आणि कागदपत्रांच्या खात्यात बदली मागून घेतली असं रेडिओ सांगतो. रेडिओचं काय ते तुम्हाला माहीतच आहे.

पंपघराचं इंजिन अजून चालतंय. त्याच्या जवळ दुपारी एकट्यानं जेवायला तिथला माणूस बसत नाही, एवढंच.

दोन वर्षांनी टाकेबाईंच्या हाताखाली पहिली उमेदवार आली. सोळा पिढ्यांत कुणी पाना धरला नसेल अशा घरातली, पण कानाची तिखट. शिकवणीच्या इंजिनाचं हेड तिनं बसवलं, जिभेचं टोक दातांत धरून पहिला बोल्ट आवळला. टाकेबाई समोर लाकडी खोक्यावर बसल्या होत्या. शेजारी पिंपाचं स्टूल रिकामं.

टक्.

"एक," मुलगी म्हणाली.

"ऐकलं," टाकेबाई म्हणाल्या.

"दोन."

"ऐकलं."

चौथ्या बोल्टला मुलगी थांबली. "बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"एकदा म्हटलं तरी ऐकू येतं मला. तुम्ही दर वेळी दोनदा का म्हणता?"

टाकेबाईंनी शेजारी पाहिलं नाही.

"मोज पुढे," त्या म्हणाल्या.